मानशीचं दार

ताळगावच्या पठारावर, रात्री अडीचला,
काचेच्या बशीत एकोणचाळीस अंडी.
चाळिसावं पांढरं पडलं, ते मी पिपेटने उचललं
आणि वहीत लिहिलं : एक गेलं.
वहीत याहून जास्त लिहायचं नसतं.

माशाचा गर्भ काचेसारखा असतो, म्हणून बरा.
माणसाचं सगळं अंधारात चालतं.
इथे भिंगाखाली दिसते
पाठीतून गेलेली एक हिरवी रेघ
आणि तिच्यातून वर निघालेले कोंब,
पेरापेराला एक, चाचपडत,
वीज गेल्यावर काडेपेटी शोधणाऱ्या हातासारखे.
रक्त अजून आलेलं नाही.
आधी वाट होते, वाटसरू मागून.

कुलासोबाई समजावताना हातवारे फार करतात.
म्हणाल्या, पेशीपेशीत एक निरोप्या
सतत जन्मतो. सतत.
प्राणवायू असला तर त्याच्या पाठीवर शिक्का पडतो,
शिक्का ओळखणारा एक जण आत बसलेलाच असतो,
आणि काही मिनिटांत निरोप्या मोडीत जातो,
एक शब्द न बोलता.
प्राणवायू संपत आला की शिक्क्याची शाई वाळते.
निरोप्या वाचतो, पार गाभ्यात शिरतो,
जनुकांची मिटलेली पानं उघडून सांगतो :
इकडे श्वास पुरत नाही. वाटा काढा.

"म्हणजे मारायलाच जन्माला घालायचा?
केवढी नासाडी, बाई!"
त्या हसल्या. "तहान लागल्यावर
विहीर खणायला बसायचं नसतं, म्हणून."

मी चोडणची. माझा आपा मानशीवर होता.
खाजणाच्या बांधात लाकडी दारं :
भरतीचं पाणी बाहेरून रेटून ती लावतं,
ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं.
गाव म्हणायचा, शाबलो मानस चालवतो.
आपा म्हणायचा, "मी कसला चालवतोय?
पाणी चालवतं. मी कुजलेली फळी बदलतो."

एका वर्षी फळी बदलायची राहिली.
तापाने पडला होता. दार उघडं अडकलं
आणि प्रत्येक भरती आत येत गेली.
पाणी उतरलं तेव्हा शेताच्या चिखलात
नव्या ओहोळांचं जाळं, फांदीला फांदी,
बांधावरून पाहिलं तर आडवं पडलेलं झाड.
मी दहा वर्षांची. टाळ्या वाजवल्या.
आपाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.
तीन वर्षं तिथे कोरगूटसुद्धा झालं नाही.

दुसऱ्या बशीत ती अंडी आहेत
ज्यांच्यात शिक्का ओळखणारा जन्मतःच नाही.
हवा भरपूर आहे, पंप चालू आहे,
तरी निरोप्या मरत नाही.
ओरडत राहतो : श्वास नाही, श्वास नाही.
आणि शरीर, भोळं, विश्वास ठेवतं.
थोड्या दिवसांत रक्तवाहिन्याच रक्तवाहिन्या,
मेंदूत, डोळ्यामागे, पाझरणाऱ्या,
हिरवं जाळं इतकं दाट
की पाहुणे आले की बाई तोच फोटो दाखवतात.
"किती सुंदर!" पाहुणे म्हणतात.
मी तेव्हा काही ना काही पुसत असते.

चार वाजून दहा मिनिटं.
पहिल्या बशीत, सातव्या गर्भात,
मोठ्या रेघेच्या तोंडाशी एक गोल ठिपका.
थांबला. मागे सरकला. पुन्हा थांबला.
मग हृदयाने धक्का दिला, आणि गेला.
त्याच्यामागे दुसरा.
मी वहीत वेळ लिहिली
आणि नियम मोडून एक शब्द : चाललं.

सकाळी रायबंदरच्या फेरीबोटीतून
किनारा सोडताना चिखलाचा वास येतो,
गुदमरलेला. त्यातून खारफुटीची मुळं
वर आलेली असतात, बोटं काढून, हवेकडे.
धक्क्यावर आपा सायकल धरून उभा.
विचारतो, "रात्रभर तिथे करतेस तरी काय?"
"काही नाही," मी म्हणते,
"पाण्याकडे बघत बसते."
तो मान हलवतो, जणू
नोकरी म्हणजे तीच.